गिझर उशिरा तापतो, प्लग जळतो: कॉईल बदलण्याआधी दोन आकडे मोजा

आधी लक्षणे. फोनवर लोक यातलेच काहीतरी सांगतात.

– पूर्वी वीस मिनिटांत तापायचे ते पाणी आता अर्धा-पाऊण तास घेते.
– सकाळी कोमट पाणी देणारा गिझर दुपारी कडकडीत पाणी देतो.
– प्लग हाताला चटका देतो, पिनांपाशी प्लास्टिक तपकिरी पडले आहे.
– गिझर लावला की घरातले दिवे मंद होतात. (एखादा दिवा उलट जास्त उजळत असेल तर पुढचे काही वाचू नका, मेन स्विच बंद करा. कारण खाली सांगतो.)
– लाल दिवा लागतो, पाणी मात्र थंडगार.
– कॉईल बदलली, आठवडा बरा गेला, पुन्हा तेच.

शेवटच्या लक्षणामुळे हे लिहायला बसलो. इंदूरला रामबागेत राहतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांकडून ओहमचा नियम करून घेण्यात नोकरी गेली, आणि थंडी पडली की तोच नियम घेऊन ओळखीच्यांच्या न्हाणीघरात उभा असतो. दहापैकी सहा-सात वेळा कॉईल ठणठणीत निघते. बिघाड तिच्या अलीकडे असतो, आणि तो कुठे आहे हे व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे सांगतात. काही उघडावे लागत नाही.

हिशेब एवढाच आहे

व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध, ओहममध्ये. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे शक्ती, वॅटमध्ये. पहिले नाते ओहमने १८२७ मध्ये छापले. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या, म्हणजे अँपिअरच्या, वर्गाच्या पटीत वाढते, हे जूलने १८४१ मध्ये मांडले. गिझरला या दोघांपलीकडे कोणी लागत नाही. फ्रिज, पंखा, पाण्याची मोटर यांना हा साधा गुणाकार लावू नका. तिथे धारा व्होल्टेजच्या मागे रेंगाळते, पॉवर फॅक्टर मध्ये येतो आणि गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त निघतो. गिझरची कॉईल निव्वळ रोध असल्यामुळे गुणाकार सरळ जुळतो.

गिझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिले असेल तर २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर, आणि २३० भागिले ८.७ म्हणजे साधारण २६.४ ओहम. तीन लिटरच्या ३००० वॅटवाल्या छोट्या गिझरला १३ अँपिअर आणि १७.६ ओहम.

इथे नव्वद टक्के लोक एकच चूक करतात, शिकलेलेसुद्धा. व्होल्टेज १९० झाले की म्हणतात, “वॅट तर दोन हजारच ना, मग २००० भागिले १९०, साडेदहा अँपिअर जात असतील.” नाही हो. वॅट कॉईलवर कोरलेले नसतात, कॉईलचा असतो तो रोध. व्होल्टेज पडले की धाराही पडते, आणि वॅट दोन्हीकडून मार खातात. १९० व्होल्टला २६.४ ओहममधून ७.२ अँपिअर जातील, म्हणजे १३६७ वॅट. व्होल्टेज सतरा टक्क्यांनी कमी, उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने कमी.

पहिली तपासणी: घड्याळ. खर्च शून्य

टाकी १५ लिटरची, टाकीतले पाणी १५ अंशांवर, हवे ५५ वर. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात, म्हणजे सगळे मिळून २५ लाख ज्यूल. २००० वॅटने त्याला एकवीस मिनिटे. टाकीतून निघून जाणारी थोडी उष्णता धरली तर बावीस-तेवीस. तुमचा गिझर पंचविसाला बंद होत असेल तर त्याला काही झालेले नाही, थंडी वाढली आहे.

एकदा सकाळी साडेसहाला आणि एकदा दुपारी दोनला वेळ मोजा. दोन्हींत मोठा फरक पडला तर गिझरवर संशय घेऊ नका. कॉईलला सकाळ-दुपार कळत नाही, कळते ती गल्लीला. साडेसहाला सगळ्या घरांतले गिझर एकाच डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, चालू असतात.

दुसरी तपासणी: विजेचा मीटर. हीसुद्धा फुकट

हात न लावता वॅट मोजायचे यंत्र प्रत्येक घराच्या भिंतीवर टांगलेले आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुका ते छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. फ्रिज, मोटर, सगळे बंद करा, फक्त गिझर चालू ठेवा आणि वीस लुकलुका व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. ३२०० च्या मीटरला २२५०० भागिले ते सेकंद म्हणजे वॅट. सव्वाअकरा सेकंद आले तर २००० वॅट. सोळा सेकंद आले तर १४०० वॅट, म्हणजे पाणी उशिरा तापणारच. मीटरवर १६०० लिहिले असेल तर २२५०० च्या जागी ४५००० घ्या. ठिपका हललाच नाही तर वीज कॉईलपर्यंत पोचतच नाही: थर्मोस्टॅट (पाणी ठरल्याइतके तापले की वीज तोडणारा), कटआउट (पाणी फारच तापले तर वीज तोडणारा) किंवा तुटलेली कॉईल.

बऱ्याच मीटरच्या पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअरही आलटून पालटून येतात. ते लिहून ठेवा, पुढे लागतील. मीटरचे सील मात्र कोणत्याही कारणासाठी तोडायचे नाही.

वॅट पूर्ण असतील आणि तरी पाणी कोमट असेल तर वीज निर्दोष आहे. मग थर्मोस्टॅट कमी अंशावर फिरवलेला आहे का ते बघा, गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळातून थंड पाणी मागे शिरते का ते बघा, नाहीतर टाकीत क्षार साचला असेल. आमच्याकडे जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यावर चालणारे गिझर आणि बोअरिंगच्या पाण्यावर चालणारे गिझर उघडले की ओळखू येतात. बोअरिंगवाल्या कॉईलवर पांढऱ्या क्षाराचा जाड थर चढलेला असतो. या थराने अँपिअर कमी होत नाहीत. कॉईलची उष्णता पाण्यात जायला अडते, ती आतून जास्त तापते आणि एक दिवस तुटते.

तिसरी: नाक आणि बोट

गिझर पंधरा मिनिटे चालवा, स्विच बंद करा, मग प्लग काढून पिनांना बोट लावा. कोमट चालेल. चटका बसला तर तिथे रोध आहे, जो तिथे असायला नको. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झाली किंवा तिच्यावर कार्बन धरला की अर्धा ओहम सहज तयार होतो. अर्धा ओहम म्हणजे काय, असे वाटेल. आठ अँपिअरचा वर्ग चौसष्ट, त्याच्या निम्मे बत्तीस वॅट. प्रयोगशाळेत मुले ज्याने डाग देतात ते सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचे असते. म्हणजे तुम्ही प्लगच्या पोटात ते चालू करून ठेवले आहे. गंमत म्हणजे या अर्ध्या ओहममध्ये व्होल्ट जातात फक्त चार. पाण्यात काही फरक कळत नाही, प्लग मात्र वितळतो.

रामबागेतल्या एका काकूंकडे हेच झाले. त्यांनी फोन केला तो गिझरसाठी नव्हताच.

“अरे, न्हाणीघरात मासळीचा वास येतोय. आमच्याकडे तर कधी शिजतच नाही! उंदीर मेला असेल का रे कुठे?”

बोर्डाचे काही प्लास्टिक तापले की त्याला असाच सडक्या मासळीसारखा वास येतो. गेल्यावर विचारले तर गिझरची तक्रारही होतीच: पाणी उशिरा तापते, दोन हिवाळ्यांत दोन कॉईल बदलून झाल्या. प्लग काढला तेव्हा एक पिन पिवळी होती आणि दुसरी निळसर काळी. दोन पिनांतली एकच तापलेली दिसली तर दोष सॉकेटच्या त्या एका भोकात किंवा पिनेला तार जिथे आवळली आहे तिथे असतो.

वास येत असेल तर गिझर त्या क्षणी बंद. मोजमाप नंतर.

चौथी: व्होल्टमीटर

टेस्टर यासाठी कुचकामी आहे. त्यातला निऑनचा दिवा शंभर व्होल्टला पेटतो तसाच दोनशे तीसलाही पेटतो. सॉकेटमध्ये खोचायचा आकडेवाला व्होल्टमीटर महाराणी रोडवर किरकोळ पैशांत मिळतो, आणि ज्याला मल्टिमीटरची सवय नाही त्याने तोच घ्यावा. गिझरच्याच बोर्डावर दुसरे सॉकेट असेल तर त्यात लावायचा. आधी गिझर बंद ठेवून आकडा बघायचा, मग चालू करून.

मल्टिमीटर वापरणार असाल तर तीन गोष्टी. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दर वेळी डोळ्यांनी बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही सॉकेटमध्ये घातली तर मीटरमधून थेट शॉर्ट होतो. माझ्या हातात एकदा हे झाले आहे. भुवया परत आल्या, मीटर नाही आला. दुसरे, चकती एसी व्होल्टवर. तिसरे, ओहमवर चकती ठेवून चालू लाईनला कधीच स्पर्श करू नका.

आता आकड्यांचा अर्थ.

गिझर बंद असतानाच १९६ दिसले आणि चालू केल्यावर १९४, तर व्होल्टेज बाहेरूनच कमी येते. मीटरच्या पडद्यावरही तेवढेच दिसेल. शेजाऱ्यांना विचारा, सगळ्यांकडे तसेच असेल तर वीज कंपनीच्या १९१२ वर तक्रार नोंदवा. दरम्यान स्टॅबिलायझर घ्यायला धावू नका. दोन किलोवॅटच्या स्टॅबिलायझरला बरेच पैसे पडतील, आणि तुमचे काम गिझर दहा मिनिटे आधी लावून भागते. कमी वॅट जास्त वेळ चालले तरी युनिट जवळपास तेवढेच पडते.

गिझर बंद असताना २२६, चालू केल्यावर २०५, आणि मीटरच्या पडद्यावर मात्र २२४, तर १९ व्होल्ट तुमच्या भिंतीत कुठेतरी हरवले. समजा कॉईल २६.८ ओहमची आहे. तिच्यातून २०५ व्होल्टला साडेसात-पावणेआठ अँपिअर जातात. १९ भागिले ७.६५ म्हणजे अडीच ओहम. आता विचार करा, अडीच ओहम तारेचा असू शकतो का? अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. मीटरपासून न्हाणीघर पंधरा मीटर, जाऊन येऊन तीस, म्हणजे ०.२२ ओहम. दहापट जास्त रोध तारेत बसत नाही, कुठल्यातरी जोडात बसतो. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची तार पीळ देऊन काळ्या पट्टीने गुंडाळलेली असते, तो जोड बहुधा हाच. १९ गुणिले ७.६५ म्हणजे १४५ वॅट तिथे तापताहेत, लाकडी पट्टीच्या मागे. इथे थांबायचे. त्या लाईनची एमसीबी खाली पाडा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. त्याला वर लिहिलेले तीन आकडे सांगा, निम्मी शोधाशोध वाचेल.

आकडा २५० च्या वर गेला, किंवा गिझर लावल्यावर दुसरीकडचा दिवा उजळला, तर न्यूट्रल सैल झाला आहे असे धरा. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला तर एका फेजवर तीनशेच्या वर व्होल्ट जाऊ शकतात. मग गिझर राहिला बाजूला, फ्रिज आणि टीव्ही आधी जातील. मेन स्विच बंद आणि १९१२.

पाचवी: धारा, आणि मग भागाकार

यासाठी क्लॅम्प मीटर लागतो, आमचे वायरमन त्याला टाँग टेस्टर म्हणतात. विकत घ्यायची गरज नाही, कोणाचा तरी मागून आणा. तो अख्ख्या केबलभोवती लावला तर शून्य दाखवतो, कारण जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना मारतात. एकाच तारेभोवती लावायचा. मी त्यासाठी १६ अँपिअरची एक हातभर एक्स्टेन्शन केली आहे: बाहेरचे काळे आवरण एक वीतभर काढलेले, आतल्या तिन्ही तारांची रंगीत आवरणे शाबूत. गिझरचे किंवा बोर्डाचे झाकण काढून चालू लाईनवर क्लॅम्प लावायला जाऊ नका.

काकूंकडे बोर्डावर, गिझर चालू असताना, २१९ व्होल्ट. क्लॅम्पवर ७.६ अँपिअर. २१९ भागिले ७.६ म्हणजे २८.८ ओहम.

पाटीप्रमाणे २६.४ असायला हवे. पण पाटीवर भरवसा ठेवू नका, वॅट पाच-दहा टक्के इकडेतिकडे असतात. म्हणून एमसीबी पाडून, प्लग काढून, प्लगच्याच दोन सारख्या पिनांवर (तिसरी जाड पिन अर्थिंगची, ती नाही) मल्टिमीटरने थंड कॉईलचा रोध मोजला. (स्विच आणि थर्मोस्टॅट चालू स्थितीत हवेत, म्हणजे पाणी थंड हवे.) मीटर म्हणाला २७.२. मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तर ०.४ येत होते, ते वजा केले. खरा रोध २६.८.

थंड मोजलेला आकडा गरम कॉईलला चालतो का, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारतो. निक्रोमला, म्हणजे कॉईलच्या तारेच्या मिश्रधातूला, चालतो, तापून त्याचा रोध दोन-चार टक्केच वाढतो. जुन्या शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बला चालत नाही. तो पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो आणि थंड असताना चाळिसाच्या आसपास, त्यामुळे मुले दर वर्षी त्याचे वॅट हजाराच्या वर काढून आणतात.

तर २८.८ वजा २६.८. दोन ओहम आगंतुक. ७.६ चा वर्ग गुणिले दोन म्हणजे ११५ वॅट, बोर्ड आणि कॉईल यांच्या मधल्या जोडांत. मासळी सापडली.

हा भागाकार तुमच्याकडे करून बघा. कॉईलच्या खऱ्या रोधाशी तुलना करून:

भागाकार एखाद-दुसऱ्या ओहमने जास्त आला तर सैल जोड: प्लग, सॉकेट, गिझरच्या आतला कनेक्टर. एक ओहमच्या आतल्या फरकावर मात्र विश्वास नको, आपले मीटर आणि तापलेली कॉईल मिळून तेवढी चूक करतात. भागाकार बरोबर आणि व्होल्ट कमी, तर चौथ्या तपासणीकडे परत. भागाकार बराच कमी आला, म्हणजे धारा जास्त, तर चुकीची ३००० वॅटची कॉईल बसवली आहे किंवा ती आत शॉर्ट होते आहे. गिझर बंद करा, वायरमनला बोलवा. धारा शून्य, तर आत काहीतरी तुटले आहे. तिथे कॉईलचा नंबर येतो, पण त्याआधी थर्मोस्टॅट आणि कटआउटचा.

सहावी: सॉकेट, प्लग, कनेक्टर

स्वतः करायचे असेल तर मेन बंद, टेस्टरने खात्री, मग हात. जळालेल्या सॉकेटमध्ये नवा प्लग घालू नका आणि जळालेला प्लग नव्या सॉकेटमध्ये घालू नका. जोडीने बदला, १६ अँपिअरचीच घ्या. काळ्या पिनेला कानस मारून पुन्हा लावणे ही काटकसर नव्हे. तापलेल्या पट्टीचा ताण गेलेला असतो, ती पुन्हा पिनेला घट्ट धरत नाही. तारेचे टोक काळे पडले असेल तर चमकदार तांबे लागेपर्यंत कापा, स्क्रू आवळा, ओढून बघा.

गिझरचे खालचे झाकण उघडायची वेळ आली की माझा सल्ला थांबण्याचा आहे. तिथे पाणी आणि वीज यांच्यात एका गॅसकेटचे अंतर असते.

आणि नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या, किंवा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) पडत असेल, तर वरची एकही तपासणी करू नका. आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला पडते. ती गळती मल्टिमीटरच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीला दिसत नाही, ५०० व्होल्टचा मेगर लावावा लागतो. तो वायरमनकडे असतो. पुन्हा पुन्हा पडते म्हणून ती काढून साधी एमसीबी लावून देणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

काकूंकडे सॉकेट, प्लग आणि गिझरच्या आतला वितळलेला कनेक्टर बदलला. कनेक्टरसाठी वायरमन बोलावला होता, त्यानेच बदलला. नंतर २२२ व्होल्ट, ८.२ अँपिअर, २७.१ ओहम, १८२० वॅट. गिझरच्या झाकणावर मी मार्करने “२६.८” लिहून ठेवले आहे, पुढच्या वेळी कोणीही आले तरी सुरुवात तिथून होईल.

निघताना काकूंनी माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन जुन्या कॉईल काढून दिल्या, भंगारात घाल म्हणून. घरी येऊन मोजल्या. एक २६.९, दुसरी २६.६. क्षार खरवडून, वायरमनच्या मेगरवर तपासून, नवे गॅसकेट घालून त्यातली एक दुसऱ्या एका घरी बसवून घेतली. तिचा हा तिसरा हिवाळा.